जुन्या रेनॉल्ड्स ५३१ सायकलीला पाना लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काकांनी सत्तरच्या दशकात इंग्लंडहून आणलेली रेसर सायकल कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. बनवणाऱ्याचं नाव पुसलं गेलंय, पण सीटपाइपवर रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर शाबूत आहे. मागचा गिअर (डिरेलर) कॅम्पॅग्नोलो न्यूव्हो रेकॉर्ड, क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) टी.ए. हे कंपनीचं नाव कोरलेलं, चाकं ‘२७ ची’, सीटपोस्ट जाम. दुकानदार म्हणतो, पोस्ट गॅसवर तापवून काढू, २८ ची रिम टाकू, वरून पावडर कोटिंग मारू, नवीकोरी दिसेल. खर्च करावा का आणि रंग कोणता द्यावा, हे तुम्ही विचारलंय. पुढे रविवारी सोलापूरहून तुळजापूरपर्यंत जायचा बेत आहे.

रंगाचं शेवटी बघू. खरी अडचण अशी आहे की या सायकलीचं जवळपास प्रत्येक माप आपल्याकडच्या सायकलीच्या मापाला खेटून आहे, पण तेच नाही. फरक कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे पाच. त्यामुळे चांगल्या हाताचा मिस्त्रीसुद्धा वस्तू बसवून देतो, आणि ती बसतेही. महिन्याभराने आटे गेलेले असतात किंवा टायर रिमवरून उतरलेला असतो. तेव्हा आधी मापं, मग खोलणं, मग सुटे भाग.

दोन गोष्टी मात्र मला इथून सांगता येणार नाहीत. फ्रेम वाकलेली किंवा तडकलेली असेल तर पुढचा सगळा खर्च थांबवावा लागेल. आणि तुम्हाला ती चालवायची आहे की काकांची आठवण म्हणून जपायची आहे, यावर निम्मे निर्णय बदलतात. तुळजापूरचं नाव काढलंत म्हणून चालवायची आहे असं धरून लिहितो.

५३१ म्हणजे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ मध्ये आणलेली मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी. ती ‘बटेड’ असते, म्हणजे जोडाजवळ जाड आणि मधे पातळ. टोकाशी साधारण ०.८ ते ०.९ मिमी, मधे ०.५ ते ०.६. म्हणूनच अशी फ्रेम दोन किलोच्या आसपास भरते आणि अख्खी सायकल दहाएक किलोत बसते. मधल्या भागात अर्धा मिलिमीटर पत्रा आहे हे डोक्यात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप कळतात. नळी व्हाइसमध्ये दाबायची नाही, हातोडी मारायची नाही, आणि इलेक्ट्रिक वेल्डिंगचा होल्डर तर तिच्या जवळपासही आणायचा नाही.

फ्रेमची तपासणी सकाळच्या तिरप्या उन्हात करा. वरची दांडी आणि खालची उतरती दांडी जिथे हेडपाइपला (हँडलखालच्या उभ्या नळीला) मिळते, त्या लगच्या (नळ्या जोडणाऱ्या बाहीच्या) मागे दोन-तीन इंच खालच्या बाजूने नख फिरवा. समोरून धडक बसलेली असेल तर तिथे रंगाला बारीक सुरकुती किंवा पत्र्याला लाट लागते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. मग सायकल बाजूने बघा. चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) दांड्या वाकायला सुरुवात होईपर्यंत हेडपाइपच्या सरळ रेषेत हव्यात. मागे ढकललेल्या दिसल्या तर चिमटा वाकलाय. नंतर दोरा. एका मागच्या ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) बांधा, हेडपाइपला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा, आणि सीटपाइपपासून दोन्ही बाजूंचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक हाताने बनवलेल्या फ्रेममध्ये असतो, सोडून द्या. पाच-सहा असेल तर मागचा भाग एका अंगाला गेलाय.

तडे शोधायचे ते मागच्या ड्रॉपआउटच्या मुळाशी, चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या) बॉटम ब्रॅकेटला (पेडलच्या आसाच्या घराला) मिळतात तिथे, लगच्या टोकांशी, आणि सीटपोस्ट आवळणाऱ्या दोन कानांपाशी. कानांमधली फट वरपासून खालपर्यंत समांतर हवी. वर मिटलेली असेल तर कधीतरी कुणीतरी बारीक पोस्ट घालून बोल्ट आवळत बसलं होतं. ही चूक फार सर्रास होते आणि कारण साधं आहे. सीटपाइपचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी, वरच्या भागात पत्रा ०.६, म्हणजे आत २७.४ उरतात. त्यात २७.२ ची पोस्ट नीट बसते. साध्या जाड नळीच्या सायकलीची पोस्ट याहून बारीक असते, ती आत सरकते, आणि मग बोल्टवर जोर येतो. पोस्ट निघाली की तिच्यावर कोरलेला आकडा बघा. २७.२ असेल तर स्टिकर खरं असण्याचा तो चांगला पुरावा आहे, कारण स्टिकर काय, कुणीही चिकटवतं.

आता ती जाम झालेली पोस्ट. आधी लोहचुंबक लावा. चिकटलं नाही तर पोस्ट ॲल्युमिनियमची आहे, आणि इथे गॅसचा सल्ला उलटा पडतो. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोन्ही एकत्र तापवलं तर पोस्ट अजून घट्ट बसते, रंग जळतो, आणि नळी लाल झाली तर तिथली ताकद गेली. मुळात ती अडकली कशाने? दोन वेगळ्या धातूंमध्ये घाम-पाणी शिरलं की ॲल्युमिनियमवर पांढरी ऑक्साइडची पूड धरते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पाचरीसारखी गच्च बसते.

म्हणून क्रम असा ठेवा. सीटबोल्ट पूर्ण काढा. फटीतून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. मग बॉटम ब्रॅकेट (पुढे सांगतो तशी मापं आधी घेऊन) खोलून सायकल उलटी करा आणि खालूनही सीटपाइपमध्ये सोडा. रोज थोडं, चार-पाच दिवस. ऑटो ट्रान्समिशन ऑइलमध्ये ॲसिटोन मिसळायचा नुस्खा सगळे सांगतात. चालतो, पण ॲसिटोन रंग आणि स्टिकर दोन्ही खातो, तेव्हा इथे नको. तेलाने भागलं नाही तर साबणाच्या पाण्याने तेल धुऊन अमोनिया वापरा. तो ऑक्साइडवर काम करतो. अंगणात करा, वाफ नाकात घेऊ नका, आणि ब्लीचच्या बाटलीजवळ तर अजिबात नको. त्यानंतर पोस्टच्या आत आणि भोवती बर्फ-मीठ भरून ती थंड करा, सीटपाइपवर बाहेरून गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा. पोस्ट आकसते, नळी किंचित फुगते, तेवढा फरक पुरतो.

फिरवताना पोस्टचं डोकं मोठ्या व्हाइसमध्ये धरा आणि फ्रेम दोन्ही हातांनी, एक हात हेडपाइपशी व एक मागे, हळूहळू आलटून पालटून वळवा. करकर आवाज येऊन केसभर हलली की जिंकलात. पुन्हा तेल, पुन्हा तेवढंच. एकदम ओढू नका, पिळवटली तर वरची दांडी जाते. एवढ्यानेही नाही हललं तर पोस्ट वरून कापून आत हॅक्सॉ ब्लेडने दोन उभ्या चिरा देणं हा उपाय. वेळखाऊ आहे, पण फ्रेम वाचते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो हे खरं. पण तो हायड्रोजन सोडतो, कातडी जाळतो आणि रंगही उतरवतो. मी तो सुचवणार नाही.

पोस्ट लोखंडी निघाली तर हा सगळा भाग सोडा. तेल आणि धीर एवढ्यावर सहसा काम होतं.

बॉटम ब्रॅकेट खोलायच्या आधी शेलची (त्याच्या बाहेरच्या आडव्या नळीची) रुंदी कॅलिपरने मोजा. ६८ मिमी असेल तर बहुतेक इंग्लिश आटे, व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. अशात चेनच्या बाजूचा फिक्स्ड कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. ७० मिमी असेल तर इटालियन, दोन्ही बाजूंना सरळ आटे. फ्रेंचही ६८ असते, पण आटे मिलिमीटरचे आणि दोन्ही बाजूंना सरळ. काही रॅले फ्रेममध्ये इंचाला २६ आटे येतात. २४ आणि २६ मधला फरक डोळ्याला कळत नाही, पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लागतो. इथे सोलापूरचा फायदा आहे. लूमचे सुटे भाग करणाऱ्या कुठल्याही लेथवाल्याकडे पिच गेज पडलेला असतो, त्याला फक्त आटे मोजून द्यायला सांगा. ‘नवे आटे पाडून देतो’ म्हणाला तर हात जोडून परत या.

छर्रे मात्र सगळे नवे टाका, जुन्यात नवे मिसळू नका. बॉटम ब्रॅकेटला १/४ इंचाचे प्रत्येक बाजूला ११, मागच्या कॅम्पॅग्नोलो हबला १/४ चेच प्रत्येक बाजूला ९. पुढच्या हबचे आणि हेडसेटचे (हँडलच्या बेअरिंगचे) निघतील ते मोजून, जुना छर्रा नमुन्याला नेऊन आणा. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटवर) खड्डे पडलेले दिसले तर कोन बदलायचा, नुसतं ग्रीस भरून उपयोग नाही.

क्रँक काढताना सांभाळा. टी.ए. च्या क्रँकमधले पुलरचे आटे २३ मिमी आहेत, बाजारात मिळणारा पुलर २२ चा. तो आत जातो, दोन आटे धरल्यासारखं वाटतं, आणि जोर दिला की मऊ ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर येतात. २३ चा पुलर मागवा, किंवा २२ चा पुलर नुसता नमुन्याला देऊन लेथवर २३ चा करून घ्या. तोवर क्रँकला हात लावू नका. आणि डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे मिस्त्रीला माहीत असतं, घरी उघडणाऱ्याला नसतं.

आता चाकं, जिथे तुमच्या दुकानदाराशी माझं सगळ्यात जास्त भांडण आहे. तो २८ ची रिम सुचवतो याला कारण आहे. जुन्या इंग्लिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असायचे आणि आपल्या काळ्या दांडीच्या सायकलीलाही तेच. भोकं मोजली की जुळतात. पण टायर ज्या कडेवर बसतो तो व्यास बघा: २७ × १¼ चा ६३० मिमी, आपल्या २८ × १½ चा ६३५, आणि आजच्या ७०० सी चा ६२२. म्हणजे २८ चा टायर २७ च्या रिमवर पाच मिलिमीटर ढिला. हवा कमी असताना तो बसल्यासारखा दिसतो, पूर्ण भरली की कड उचलून ट्यूब बाहेर येते आणि फुटते. रिमसकट २८ केलं तर ब्रेक आणि चिमट्यातली जागा पुरत नाही, शिवाय ती जड रिम घालून दहा किलोच्या सायकलीचा अर्थच जातो.

आधी तुमची रिम कोणती ते ठरवा. टायर रिमच्या कडांमध्ये अडकलेला असेल तर साधी वायरची रिम. टायर गोल नळीसारखा शिवलेला आणि रिमवर चिकटवलेला असेल तर ती ट्युब्युलर, आणि मग ‘२७ ची’ हे फक्त बोलण्यापुरतं. तिचा आकार ७०० सी च्या जवळचा असतो. ट्युब्युलर चाकं सोलापूरच्या रस्त्यांवर रोज वापरू नका. बांधाच्या बाभळी रस्त्यावर काटे टाकतात, आणि ट्युब्युलरचं पंक्चर म्हणजे टायर सोलायचा, शिवण उसवायची, ठिगळ लावायचं, पुन्हा शिवायचं, पुन्हा चिकटवायचं. वर मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की उन्हात उभ्या सायकलीचा रिमचा गोंद मऊ पडतो. ती चाकं पुसून जपून ठेवा आणि चालवायला ७०० सी ची वेगळी जोडी बांधा.

वायरची २७ ची रिम असेल तर काम सोपं. २७ × १¼ चा टायर आपल्याकडे जुन्या रेसर सायकलींसाठी मिळतो. हवा ७० ते ७५ पीएसआय. त्या काळच्या रिमच्या कडा आतून सरळ असतात, टायर धरणारा हुक नसतो, म्हणून १०० भरायचा मोह टाळा. रिमची पट्टी नवी घाला, जुनी हाताला लागताच चुरते. आऱ्यांच्या भोकांभोवती बारीक चिरा नाहीत ना बघा, मग आऊट काढा. ब्रेकरबर कितीही चांगले दिसले तरी टाकून द्या. इतक्या वर्षांनी ते दगड होतात आणि रिम घासतात. ब्रेक-गिअरच्या वायरी आणि आवरणंही नवी. हँडल स्टेममधून बाहेर काढून आवळल्याच्या जागी भिंगाने बघा. तिथे ओरखडा किंवा चीर असेल तर तो ॲल्युमिनियमचा बार सूचना न देता मोडतो.

७०० सी ची चाकं घेतलीत तर दोन मापं आणखी. रिम चार मिलिमीटर खाली जाते, ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकतात का बघा. दुसरं, मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर. पाच गिअरच्या काळात ते १२० मिमी होतं, सहा-सातला १२६, त्यानंतरच्या रिमब्रेकवाल्या रोड हबला १३०. १३० चा हब हाताने फाकवून घुसवायला कुणाला सांगू नका. १२० चं १२६ करता येतं, पोलाद तेवढं सोसतं, पण एकेक बाजू तीन मिलिमीटर, प्रत्येक वेळी दोऱ्याने तपासून, आणि शेवटी ड्रॉपआउट समांतर करून. जुना हब फिरतोय तर हा उद्योग करूच नये. नवी चेन ३/३२ ची घ्या. साध्या सायकलीची १/८ ची चेन मल्टी-गिअर फ्रीव्हीलवर चालत नाही.

तुळजापूरचं बोलू. होटगी किंवा अक्कलकोटच्या बाजूला सपाटी आहे, तिथे जुने गिअर मजेत चालतात. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, आणि चढ शेवटी येतो, पाय थकल्यावर. पुढे ५२/४२ आणि मागे १४ ते २४ दात असतील तर सगळ्यात हलका गिअर ४२ भागिले २४ गुणिले २७, म्हणजे ४७ इंच (गिअर मोजायचं माप, आकडा जितका लहान तितका गिअर हलका). घाटाला हा जड आहे. मागे मोठी चकती टाकायला लोक धावतात, पण न्यूव्हो रेकॉर्ड २६ दातांच्या पुढे जायला तयार नसतो. तुमच्याकडे टी.ए. आहे हे नशीब. त्या क्रँकला आतली चेनरिंग बरीच लहान बसते. ३६ ची लावलीत तर ४०.५ इंच मिळतात, मागचं काही न बदलता. चेनची लांबी मात्र पुढची आणि मागची सगळ्यात मोठी चकती या जोडीवर तपासून घ्या. जाता जाता, त्या डिरेलरच्या वरच्या भागावर ‘पेटंट’ शब्दाशेजारी दोन आकडे असतील, ते त्याचं वर्ष. फ्रेमचं वय त्यावरून फक्त अंदाजाने धरा, डिरेलर नंतरही बदललेला असू शकतो.

आता रंग. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल तर माझं मत स्पष्ट आहे: राहू द्या. नाव पुसलेल्या फ्रेमची ओळख पुढे कधी पटली तर ती रंग, रेघा, स्टिकर आणि बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर यांवरूनच. सौम्य साबण, मग गाडीचं पॉलिश, मग मेण. रॉकेल, पेट्रोल, थिनर स्टिकरपासून लांब. क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो.

रंगवायचंच ठरलं तर एक गैरसमज दूर करतो. पावडर कोटिंगच्या भट्टीने ५३१ खराब होत नाही. भट्टी १८०-२०० अंशांची, जोडातलं पितळ वितळायला ९०० च्या आसपास लागतात, चांदीच्या भरणालाही ६०० च्या वर. नुकसान होतं ते आधीच्या सँडब्लास्टिंगमध्ये. एमआयडीसीत गेट आणि ग्रिल साफ करतात त्या जाड वाळूने अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आणि लगच्या कडा खाल्ल्या जातात. शिवाय पावडरचा थर जाड, लगची नक्षी बुजते. त्यापेक्षा केमिकल रिमूव्हरने रंग काढा, इपॉक्सी प्रायमर, वर गाडीचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग, आणि बॉटम ब्रॅकेटचे आटे, हेडपाइपची तोंडं, ड्रॉपआउट झाकून. लगच्या कोपऱ्यात तडा सापडला तर तो आधी गॅस ब्रेझिंगने भरायचा. फ्रिज-एसीवाले तांब्याच्या पाइपला वापरतात ती फॉस्फरसवाली कांडी पोलादावर चालत नाही, जोड ठिसूळ होतो. चांदीची किंवा पितळेची कांडी आणि फ्लक्स, आणि कारागिराने आधी भंगार नळीवर करून दाखवावं.

सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या सायकलीसारखी ही आतून सडलेली नसणार. तरी बॉटम ब्रॅकेट उघडलंच आहे तर टॉर्च मारा. लालसर पूड चालेल, पापुद्रे सुटत असतील तर काळजी. पूड झटकून रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते उकळवलेलं जवसाचं तेल प्रत्येक नळीत थोडं ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, उरलेलं निथळू द्या, दोन-तीन दिवस वाळवा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच सांभाळा. दोरीवर पसरून ठेवा.

खर्च करावा का, तर फ्रेम सरळ आणि न तडकलेली निघाली तर करा, पण टायर, वायरी, रबर, छर्रे आणि पुलर एवढाच आधी. पुढच्या निरोपात फोटोंपेक्षा मला हे कळवा: टायरच्या बाजूवर छापलेलं माप, मागच्या ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर, दोऱ्याची दोन मापं, आणि शेलची रुंदी. ६८ भरली तर इंग्लिश की फ्रेंच ते डाव्या कपचे आटे लेथवाल्याकडून मोजून ठरवू, आणि तोपर्यंत उजव्या कपला कुणालाही पाना लावू देऊ नका.